अपील ॲडमिट झालं, म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या मामाची एक केस आहे, शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्याची. फार मोठं काही नाही, बैलगाडी जाईल एवढा रस्ता, शेजाऱ्याने एका पावसाळ्यात आडवा बांध घालून बंद केला. मामा तालुक्याच्या कोर्टात जिंकला, समोरचे जिल्ह्याला गेले तर तिथेही मामाच जिंकला, मग त्यांनी वरच्या कोर्टात सेकंड अपील टाकलं आणि एका दुपारी मामाचा फोन आला की अरे त्यांचं अपील ॲडमिट झालंय म्हणे आणि ते लोक गावात पेढे वाटत फिरतायत, म्हणजे आपण हरलो का? मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात कायदा नुसता सळसळत होता. म्हटलं मामा, ॲडमिट म्हणजे फक्त ऐकायला घेतलंय, निकाल लागलेला नाही, दोन्ही कोर्टांचे हुकूमनामे अजून तुझ्याच बाजूने आहेत. मामा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग ते पेढे कशाचे वाटतायत?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता थोडी वकिली करून, ती सोडून, दुसऱ्याच धंद्यात येऊन बरीच वर्षं झाली आणि माझं मत असं झालंय की पेढे वाटणाऱ्यांना कायदा माझ्यापेक्षा जास्त कळत होता. ॲडमिटच्या ऑर्डरबरोबर स्टे पण आला होता ना, बांध जिथे होता तिथेच राहिला. राज्याचं अपील कोर्ट म्हणजे आपल्याकडे मुंबई हायकोर्ट आणि त्याची नागपूर, औरंगाबाद, गोव्याची खंडपीठं, आणि तिथल्या अपिलांबद्दल आपण जे काही बोलतो ते सगळं शेवटच्या निकालाबद्दल बोलतो, कोणाला सोडलं, कोणाची शिक्षा कायम झाली, कोणाची जमीन गेली. पण बहुतेक लोकांसाठी खरा निकाल पहिल्याच दिवशी लागून गेलेला असतो. दिवाणीत विचारायचं "स्टे मिळाला का" आणि फौजदारीत विचारायचं "बेल झाली का". पुढचं जजमेंट जेव्हा केव्हा येतं तेव्हा ते लायब्ररीत लावायला छान असतं.

आधी दिवाणी घेऊ, कारण गावोगावी तीच जास्त.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पहिलं अपील कलम ९६ खाली, आणि त्यात सगळं पुन्हा उघडता येतं, साक्षीदार खरं बोलला का, सातबाऱ्यावर नाव कुठून चढलं, खरेदीखतावरचा अंगठा कोणाचा, सगळं. लहान दाव्यांचं हे अपील जिल्हा कोर्टात जातं, मोठ्या रकमेच्या दाव्यांचं थेट हायकोर्टात. त्यानंतरचं सेकंड अपील कलम १०० खाली फक्त हायकोर्टात, आणि तिथे दार मुद्दाम अरुंद ठेवलंय. १९७६ च्या दुरुस्तीनंतर नियम असा की केसमध्ये कायद्याचा भरीव प्रश्न असला पाहिजे, वकील ज्याला सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ म्हणतात तो, अपील मेमोत तो नेमका लिहिला पाहिजे, कोर्टाने तो स्वतः ठरवून नोंदवला पाहिजे, आणि पुढे ऐकायचं ते त्या प्रश्नापुरतंच. कल्पना नवीन नव्हती, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १८९० मध्येच सांगितलं होतं की वस्तुस्थितीबद्दलचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकलेला असो, तेवढ्यावर सेकंड अपील चालणार नाही.

मला हे अरुंद दार मान्य आहे. आमच्या धंद्यातले (जुन्या धंद्यातले) पुष्कळ लोक म्हणतात की गरिबाला तिसरी संधी नको का, मला तो युक्तिवाद कधी पटला नाही, कारण तिसऱ्या कोर्टात जायला ज्याच्याकडे पैसे आणि दम असतो तो सहसा गरीब नसतो. वस्तुस्थितीचं भांडण कुठेतरी थांबलं पाहिजे, आणि ते जिल्हा कोर्टात थांबणं हे मुंबईत किंवा नागपुरात थांबण्यापेक्षा बरं, तिथल्या जजला निदान बांध म्हणजे काय आणि कोणत्या महिन्यात रस्ता लागतो हे तरी माहीत असतं.

घोटाळा दाराच्या रुंदीत नाहीच, दारातून आत घेतल्यावर काय होतं त्यात आहे. एक तर प्रश्न नावाला कायद्याचा असतो. "निशाणी ३४ चा अर्थ लावताना खालच्या दोन्ही कोर्टांनी चूक केली आहे काय?" हा प्रश्न (निशाणी म्हणजे पुराव्यातला नंबर दिलेला कागद) दिसायला कायद्याचा, आत बघितलं तर तीच जुनी साक्ष आणि तोच पंचनामा, फक्त कोट-टाय घालून आलेला. भरीव प्रश्न कोणता हे ओळखायची कसोटी १९६२ च्या चुनीलाल मेहता निकालापासून ठरलेली आहे, की मुद्दा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा हवा आणि तो आधीच मिटलेला नसावा, त्यावर दोन मतं होण्यासारखी जागा हवी. १९९७ मध्ये क्षितिशचंद्र पुरकाईत, २००१ मध्ये संतोष हजारी, सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा हायकोर्टांना हेच बजावलंय की बाबांनो प्रश्न नीट ठरवल्याशिवाय सेकंड अपील ऐकू नका. एखादी गोष्ट इतक्या वेळा बजवावी लागते तेव्हा समजायचं की ती होत नाहीये.

आणि मग स्टे. त्याच दिवाणी संहितेच्या ऑर्डर ४१ च्या नियम ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्टे पाहिजे असेल तर दाखवा की तुमचं मोठं नुकसान होईल, विनाकारण उशीर न करता आलात हे दाखवा, आणि जामीन-तारण द्या. कागदावर स्टे हा अपवाद. पण विचार असा चालतो की अपील ॲडमिट केलंय, आता समोरच्याने दरखास्त (हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज) लावून कब्जा घेतला किंवा बांधकाम पाडलं तर अपिलाला अर्थ काय उरणार, म्हणून तोपर्यंत आहे तसं राहू द्या. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं. हे "तोपर्यंत" सहा महिन्यांचं असतं तर न्याय्य असतंही, पण ते ज्या वकिलाने स्टे घेतला त्याचा ज्युनियर सीनियर होईपर्यंत चालतं. दोन कोर्टात जिंकलेला माणूस जमिनीबाहेर आणि दोन कोर्टात हरलेला आत. अपील करणाऱ्याला निकालाची घाई कशाला असेल? त्याला जे पाहिजे होतं ते मिळालेलं आहे, उलट मॅटर बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या यादीवर, आलं की त्याच्याच पोटात गोळा येतो.

मधल्या काळात माणसं मरतात. पक्षकार मेला की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर लावायचे, नाही लावले तर अपील त्याच्यापुरतं आपोआप संपतं, मग ते पुन्हा जिवंत करायला आणखी ६० दिवस, तेही हुकले तर उशीर माफीचा अर्ज, त्या अर्जावर नोटिसा, नोटिसा बजावायला बेलिफ, बेलिफ म्हणतो वारस क्रमांक ४ नांदत्या घरी नाशिकला, पत्ता द्या. एकेका सेकंड अपिलाचं टायटल बघितलं तर पहिलं पान नुसतं "मयत तर्फे वारस १अ, १ब, १क" असं भरलेलं असतं, वंशावळ काढायची असेल तर तलाठ्यापेक्षा हायकोर्टाची फाईल बरी.

यात जिल्हा कोर्टाची एक बाजू आहे जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. वस्तुस्थितीचा शेवटचा शब्द जर त्यांचा असेल तर तो शब्द नीट लिहिलेला पाहिजे. ऑर्डर ४१ चा नियम ३१ सांगतो की अपिलाच्या निकालात मुद्दे काढा, त्यावर निर्णय द्या, कारणं द्या. पण खालच्या जजमेंटचा सारांश आणि शेवटी "मी सहमत आहे" असे निकाल येतात, आणि मग हायकोर्टात पहिलाच मुद्दा तो होतो, की पहिल्या अपील कोर्टाने पुरावा तपासलाच नाही, आणि हा मुद्दा खरोखरच कायद्याचा असतो! म्हणजे जिल्ह्याला वाचलेले दोन दिवस वर दहा वर्षांना पडतात, आणि वरून पुन्हा केस खाली पाठवली तर मग बोलायलाच नको.

आता सगळ्यात मोठा अपीलवाला. शेजारी नाही, भाऊबंद नाही, सरकार. धरणात, रस्त्यात, एमआयडीसीत जमीन गेली, अधिकाऱ्याने दर लावला तो परवडला नाही, शेतकरी कोर्टात गेला, कोर्टाने दर वाढवून दिला, आणि मग सरकार किंवा ज्याच्यासाठी जमीन घेतली ते महामंडळ हायकोर्टात फर्स्ट अपील टाकतं. मराठवाडा-विदर्भात ज्याच्या घरात प्रकल्पाची जमीन गेलीय त्याला हे पाठ आहे. पुढे काय, तर रक्कम कोर्टात भरा, शेतकऱ्याने त्यातली काही हमीवर काढावी, बाकीची पडून राहावी. आणि गंमत बघा, १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव रकमेवर पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि त्यानंतर दरवर्षी १५ टक्के व्याज. २००१ च्या सुंदर केसपासून ३० टक्के सोलेशियमवरही (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) ते व्याज लागतं. म्हणजे सरकार हरण्याची बरीच शक्यता असलेलं अपील टाकतं, ते पडून राहतं, आणि जी रक्कम वेळेत भरलेली नाही तिच्यावर १५ टक्क्यांनी मीटर पळत राहतो, आपल्याच टॅक्सच्या पैशावर. कुठल्या बँकेची एफडी देते हो १५ टक्के? तरी अपील का टाकतात तर फाईलवर "अपील करण्याची आवश्यकता नाही" असं लिहून सही करायला कोणी तयार नसतं, उद्या चौकशी लागली तर? त्यापेक्षा कोर्टालाच नाही म्हणू दे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारला भेरुलाल केसमध्ये ६६३ दिवस उशिरा आल्याबद्दल २५,००० रुपये दंड लावला तेव्हा अशा प्रकरणांना चक्क "सर्टिफिकेट केसेस" म्हटलं होतं, म्हणजे अपील फेटाळल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि फाईल बंद करायची. याच्यापेक्षा नेमकं नाव मला सुचणार नाही.

फौजदारीकडे आलं की सगळं चित्र उलटं होतं आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. दिवाणीत हरलेला माणूस अपील टाकून घरी बसतो आणि जिंकलेला ताटकळतो. फौजदारीत हरलेला माणूस अपील टाकून जेलमध्ये बसतो. शब्द तोच, ॲडमिट, पण एकाच्या घरी पेढे आणि दुसऱ्याला बराकीतला नंबर. एकाच इमारतीतला तोच उशीर एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला शिक्षा.

सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली की हायकोर्टात अपील हा हक्क, तिथे भरीव प्रश्न वगैरे भानगड नाही, पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. आणि दिवाणीसारखं वकील आला नाही म्हणून अपील काढून टाकता येत नाही, १९९६ च्या बनी सिंग निकालाने ते पक्कं केलंय, रेकॉर्ड वाचून गुणदोषावरच निकाल द्यावा लागतो. तत्त्व म्हणून सुंदर. पण रेकॉर्ड वाचायची पाळी येईपर्यंत काय? त्यासाठी शिक्षा स्थगित करून जामीन द्यायची तरतूद आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३८९, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेत ४३०. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी आधी जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं, त्यावर गेलं की हायकोर्टाचा दरवाजा, आणि जन्मठेप असेल तर तो दरवाजा जड.

१९७७ मध्ये काश्मिरा सिंग केसमध्ये न्यायमूर्ती भगवतींनी एक प्रश्न विचारला होता, माझ्या शब्दात सांगतो, की कोर्टाने माणसाला असं सांगायचं का की तुझ्या अपिलात दम दिसतो म्हणून आम्ही ते दाखल करून घेतलंय, पण ऐकायला आम्हाला काही वर्षं वेळ नाही, तेव्हा तू निर्दोष असलास तरी तोपर्यंत आतच बस? २००१ मध्ये अख्तरी बी केसमध्ये सांगितलं गेलं की आरोपीची चूक नसताना अपील पाच वर्षांत ऐकलं गेलं नाही तर त्याला जामिनावर सोडता येईल. लक्षात घ्या, सोडता येईल, सोडावंच लागेल असं नाही. आणि पाच वर्षं हा आकडा आपण किती सहज गिळतो. पाच वर्षांत मुलगी पहिलीतून सहावीत जाते.

आपल्याकडची उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, फक्त त्या नजरेने कोणी बघत नाही. प्राध्यापक साईबाबांना माओवाद्यांशी संबंधांच्या केसमध्ये गडचिरोलीच्या सेशन्स कोर्टाने ७ मार्च २०१७ ला जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला सोडलं, खटल्याची मंजुरीच नीट नव्हती म्हणून, दुसऱ्याच दिवशी शनिवारी सुप्रीम कोर्टाने बसून त्याला स्थगिती दिली, नंतर अपील पुन्हा ऐका म्हणून परत पाठवलं, आणि ५ मार्च २०२४ ला नागपूरच्याच दुसऱ्या बेंचने पुन्हा निर्दोष सोडलं. शिक्षेपासून मोजली तर दोन दिवस कमी सात वर्षं. त्याच केसमधला एक सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये जेलमध्ये असतानाच वारला, आणि साईबाबा स्वतः सुटल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. तुम्हाला त्यांची मतं पटत असतील नसतील, मला स्वतःला त्यातली बरीच पटत नाहीत, पण इथे मुद्दा मतांचा नाही, एक अपील ऐकायला किती वेळ लागावा याचा आहे.

दुसरं, ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट. १८० च्या वर माणसं गेली. मोक्का कोर्टाने ३० सप्टेंबर २०१५ ला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. हायकोर्टाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये जायची गरज नाही. आता यात दोनच शक्यता ना, एक तर हायकोर्ट बरोबर, म्हणजे निर्दोष माणसं जवळजवळ १९ वर्षं आत होती आणि त्यातली शेवटची जवळजवळ दहा फक्त अपिलाची वाट बघण्यात गेली. नाहीतर हायकोर्ट चूक, म्हणजे ज्यांची माणसं गेली त्यांना दहा वर्षांनी चुकीचा निकाल मिळाला आणि आता पुढच्या कोर्टाची वाट बघा. कुठूनही बघा, दहा वर्षांनी कोणाचं भलं झालं? बारांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूर जेलमध्ये कोविडने वारला होता, त्याला निर्दोष ठरवणारा निकाल त्याच्या मागून चार वर्षांनी आला. कायद्यात त्याची पण सोय आहे बरं का, अपील चालू असताना कैदी मेला तर जवळच्या नातेवाइकाने ३० दिवसांत अर्ज करून अपील पुढे चालवायचं. फौजदारीतही वारस लागतात, हे मला कॉलेजात वाचताना विचित्र वाटलं होतं.

आता लोक म्हणतील जज कमी आहेत. आहेतच. मुंबई हायकोर्टात मंजूर जागा ९४, आणि त्या सगळ्या भरल्यात असं चित्र काही दिसत नाही, त्यात रिट, पीआयएल, कंपन्यांचे वाद, अटकपूर्व जामीन, निवडणुका आल्या की प्रभागरचना, सगळं तिथेच. हे खोटं नाही. पण सलमान खानची हिट-अँड-रनची केस आठवा. ६ मे २०१५ ला सेशन्स कोर्टाने पाच वर्षं दिली, त्याच संध्याकाळी हायकोर्टातून दोन दिवसांचा अंतरिम जामीन, ८ मे ला शिक्षा स्थगित, आणि १० डिसेंबर २०१५ ला अपिलाचा पूर्ण निकाल, निर्दोष. सात महिने! लोक तेव्हा चिडले ते जामिनावर आणि निकालावर, मी चिडलो नाही, मला त्यातून एक चांगली बातमी कळली, की हायकोर्टाने मनावर घेतलं तर सेशन्सच्या शिक्षेवरचं अपील सात महिन्यांत होतं. रेकॉर्ड येतं, पेपरबुक (सगळ्या कागदांचं छापील बाड) होतं, वकील हजर असतात, जजमेंट लिहून होतं. त्यात गैर काहीच नाही, गैर एवढंच की तो वेग अपवाद आहे. बॉम्बस्फोटाच्या केसमध्येसुद्धा २०२४ च्या जुलैत खास बेंच बसवल्यावर इतका प्रचंड पुरावा काही महिन्यांत ऐकून झाला. म्हणजे दहा वर्षं ऐकायला लागली नाहीत, ऐकायला सुरुवात करायला लागली.

म्हणून मला वाटतं खरा प्रश्न बोर्डाचा आहे. कुठल्या बेंचला काय काम आणि कुठलं मॅटर कधी लागणार, हे रोस्टर मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि त्या एका कागदावर जितक्या लोकांचं आयुष्य ठरतं तितकं मंत्रालयातल्या जीआरवरही ठरत नसेल, तरी त्याच्यावर ना संपादकीय ना चर्चा. सकाळी ताजी ॲडमिशन, मग तातडीची मॅटर्स, मग अंतरिम अर्ज, आणि फायनल हिअरिंगची अपिलं शेवटी, "रीच झालं तर". रीच होत नाही. लांबच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस साडेचारला वकिलाला विचारतो काय झालं, वकील म्हणतो आपलं ४७ नंबरला होतं, बोर्ड ३१ ला थांबला.

यात अजून एक गोष्ट घुसते जी फक्त आपल्यासारख्या राज्यांत आहे, भाषा. तालुका-जिल्ह्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, "तो मला म्हणाला की बघून घेतो" असं. हायकोर्टाचं काम घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत. मग सगळ्या साक्षी, पंचनामे, जबाब यांचं भाषांतर, टायपिंग, पेपरबुक, आणि "बघून घेतो" याचं इंग्रजी काय करायचं हे भाषांतरकाराच्या हातात, धमकी की नुसता राग. एका शब्दावर कट होता की नव्हता हे ठरू शकतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार इथे हायकोर्टात हिंदीला परवानगी आहे. मी मराठीचा आग्रह अभिमानासाठी धरत नाहीये, बरेच न्यायमूर्ती आणि बरेच वकील मूळ मराठी साक्ष वाचू शकतात, तरी भाषांतराची वाट बघत अपील का पडून राहावं एवढाच साधा प्रश्न.

बे एरियातल्या आमच्या मावसभावाशी यावर वाद झाला, तो म्हणतो तुमच्याकडे सगळं ढिसाळ, इकडे कॅलिफोर्नियाच्या घटनेतच लिहिलंय की केस निकालासाठी राखून ९० दिवस झाले आणि निकाल दिला नाही तर जजचा पगार थांबतो. हे खरं आहे, कलम सहा, उपकलम १९. फक्त तिथली अपील कोर्टं पण हुशार, जजमेंटचा मसुदा आधी तयार ठेवतात आणि युक्तिवादाची तारीखच उशिरा देतात, म्हणजे ९० दिवस मोजायला लागतात तेच शेवटी. माणूस इथून तिथून सारखाच. पण मला त्यांची एक गोष्ट आवडते, १९५६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने इलिनॉय राज्याला सांगितलं की अपिलासाठी खटल्याचं रेकॉर्ड लागत असेल आणि आरोपीकडे त्याचे पैसे नसतील तर ते त्याला मिळालंच पाहिजे, खिशावरून अपील ठरणार नाही. आपल्याकडे हे व्हायला १९७८ ची होसकोट केस यावी लागली, आणि ती मुंबई हायकोर्टातूनच वर गेली होती. हायकोर्टाने शिक्षा वाढवून तीन वर्षं केली, निकालाची कॉपी जेलला पाठवली म्हणे, कैद्याच्या हातात पडल्याचा पुरावा नाही, आणि तो सुप्रीम कोर्टात पोचला तोवर शिक्षा पूर्ण भोगून झाली होती. कॉपी फुकट द्या, वकील फुकट द्या, हा नियम त्यातून आला. निकाल राखून ठेवण्याबद्दलही आपल्याकडे २००१ चा अनिल राय निकाल आहे, तीन महिन्यांत निकाल आला नाही तर आठवण करून देणारा अर्ज करा, सहा महिन्यांत नाही आला तर दुसऱ्या बेंचकडे द्या म्हणून मागा. आता तुम्हीच सांगा, कुठला वकील असा अर्ज टाकेल, उद्या त्याच जजसमोर उभं राहायचंय त्याला.

मग करायचं काय. जेलमध्ये असलेल्यांची अपिलं बोर्डावर पहिली, सकाळी, ताज्या ॲडमिशनच्या आधी, यात कायदा बदलायची गरज नाही, रोस्टर बदलायचंय. सेकंड अपील ॲडमिशनलाच दोन्ही बाजू ऐकून तिथेच निकालात काढता येतं, प्रश्न खरंच भरीव असेल तर त्यावर बोलायला दोन तास पुरतात, आणि नसेल तर दोन मिनिटं. स्टे द्यायचाच असेल तर त्याच ऑर्डरमध्ये फायनल हिअरिंगची तारीख लिहा, आणि अपील करणाऱ्याने तहकुबी मागितली तर स्टे गेला. इथे सावध राहायला हवं हे मला कळतं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांतल्या खटल्यांवरचे स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतील असं ठरवलं होतं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मागे घेतलं, का तर कोर्टाने ऐकलं नाही याची शिक्षा पक्षकाराला का. बरोबरच आहे. पण मग दोन कोर्टात जिंकून बाहेर बसलेला पण पक्षकारच आहे, त्याला ती शिक्षा रोज चालूच आहे, त्याच्यासाठी घटनापीठ कोणी बसवायचं? म्हणून मी आपोआप म्हणत नाही, तहकुबी मागणाऱ्यापुरतं म्हणतोय. आणि सरकारी अपिलाच्या मेमोवर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कारणासाठी अपील करायला सांगितलं त्याचं नाव आणि एकूण व्याजाचा आकडा लिहायला लावा, निम्मी अपिलं मंत्रालयातच मरतील असा माझा अंदाज.

मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले, वकिलांनी कित्येक दशकं आंदोलनं केली त्यासाठी. चांगलंच झालं, सावंतवाडीच्या माणसाला आता मुंबईची रात्रीची गाडी आणि लॉज नको. पण जवळ कोर्ट आल्याने प्रवास कमी होतो, बोर्ड तोच राहिला तर वाट बघणं तेवढंच राहतं, फक्त घरचा डबा खाऊन बघायचं. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बेंचच्या आनंदात कोणी बोललं नाही, मी बोललो तर तिथल्या एका वकील मित्राने मला दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

मामाचं सांगायचं राहिलं. दोन्ही पोरं पुण्यात नोकरीला, शेत करायला कोणी नाही, म्हणून मागच्या दिवाळीत त्याने जमीन विकायला काढली. घेणारा आला, विहीर बघितली, माती हातात घेऊन बघितली, आणि विचारलं रस्ता कुठून आहे. मामाने पेटीतून दोन्ही हुकूमनामे काढून समोर ठेवले, तालुक्याचा आणि जिल्ह्याचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेले. घेणाऱ्याने ते न वाचताच परत दिले आणि म्हणाला, हे ठीक आहे हो, ट्रॅक्टर कुठून आणू ते सांगा.